लहान हौद्याच्या पिकअपला फिफ्थ व्हील हिच कोणता घ्यावा?

नीलेश_ऑस्टिन

नमस्कार मंडळी, फिफ्थ व्हील ओढायला हिच (ट्रकवरची जोडणी) घ्यायचाय. फिफ्थ व्हील म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यातल्या हिचवर टेकतं तो कॅम्पिंगचा ट्रेलर.

ट्रक २०२० चा फोर्ड एफ-२५० आहे. क्रू कॅब, ६.७ लिटर डिझेल, पावणेसात फुटी हौदा. कंपनीचं फिफ्थ व्हील प्रेप पॅकेज आहे, म्हणजे हौद्यात चार पक (हिच अडकवायच्या बैठका), मधे जोडणीच्या बॉलचं भोक आणि सात पिनांचं सॉकेट आधीपासून बसवलेलं आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पेलोड (ट्रकवर लादता येणारं वजन) २,५१० पाउंड लिहिलंय.

जो ट्रेलर घ्यायचा विचार आहे त्याचं रिकामं वजन ७,६०० पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरल्यावरचं कमाल वजन) ९,५०० पाउंड, रुंदी ९६ इंच. माहितीपत्रकात किंगपिनवरचं, म्हणजे नाकाखालच्या हिचमध्ये अडकणाऱ्या पिनवरचं, वजन १,३९० पाउंड दिलंय.

डीलर म्हणतो साधा फिक्स हिच चालेल. दुसऱ्या दुकानात सांगितलं की स्लायडर, म्हणजे मागे सरकणारा हिच, नसेल तर पहिल्याच कॅम्पसाइटवर मागची काच फुटेल. त्यात १६ हजार पाउंडांचा, २० हजारांचा, २४ हजारांचा असे क्षमतेचे आकडे. सुरुवात कुठून करायची? हौद्यात बाकी काही नाही, टूलबॉक्सही नाही. घरात आम्ही चौघं, मुलं कॉलेजच्या वयाची.

---

अनुराधा_डेन्व्हर

नीलेश, हिचचे कॅटलॉग जरा बाजूला ठेवा आणि आधी स्टिकरचा हिशेब करा. तुमच्या बाबतीत हिचची निवड त्यावरच अडणार आहे.

माहितीपत्रकातलं १,३९० हे ट्रेलर रिकामा असतानाचं पिनवरचं वजन आहे. त्यात बहुतेक वेळा बॅटरी धरलेली नसते आणि गॅसच्या टाक्या भरलेल्या नसतात. ३० पाउंडी दोन टाक्या भरल्या की ११० पाउंडांच्या आसपास जातात आणि त्या बसतात ट्रेलरच्या नाकात, म्हणजे जवळजवळ सगळा भार पिनवरच. नाकाखालच्या मोठ्या कप्प्यात खुर्च्या, पाइप, हत्यारं भरली की तेही तिथेच. भरलेल्या फिफ्थ व्हीलचं पिनवरचं वजन एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के असतं, हिशेबाला २० टक्के धरा. तुमचा ट्रेलर प्रवासाला निघताना ९,००० पाउंड भरला तर पिनवर १,८०० आले.

चौघांचे मिळून ५६० पाउंड धरते. १,८०० आणि ५६० मिळून २,३६०. स्टिकरवर २,५१० आहेत, म्हणजे उरले १५०. या दीडशेत हिच, मागच्या सीटखालचं सामान, पाण्याच्या बाटल्या, सगळं बसवायचंय. आणि तो आकडा ट्रक कारखान्यातून निघाला तेव्हाचा. नंतर पायऱ्या, हौद्याचं झाकण, कठीण लायनर बसवलं असेल तर तेही त्यातूनच वजा होतं.

आता हिचची वजनं बघा. बॉलवर बसणारा ॲल्युमिनियमचा हलका हिच ४० पाउंडांच्या आसपास. साधा पोलादी फिक्स हिच बहुधा शंभर ते पावणेदोनशे. हाताने सरकवायचा स्लायडर सहज दोनशे ते अडीचशे. ऑटो स्लायडर त्याहून जड. म्हणून २४ हजारांचा हिच घेण्यात तुमचा फायदा काहीच नाही, तोटा मात्र आहे. १६ हजारांचा हिच ९,५०० च्या ट्रेलरला भरपूर झाला. हिचवरचा आकडा हिचचा असतो, त्याने ट्रकची ताकद वाढत नाही. घेताना तो हिच एसएई जे२६३८ या चाचणीच्या मानकाप्रमाणे तपासलेला आहे का, एवढं मात्र बघा.

मागच्या सस्पेन्शनला हवेच्या एअरबॅग बसवल्या की पेलोड वाढतं असं दुकानात सांगतील. वाढत नाही. ट्रकची मागची बाजू वर उचलली जाते, दिसायला लेव्हल होते, पण स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा तीच राहते.

---

गुण्या_ओळंबा

अनुराधाताईंनी वजनाचं सांगितलं, मी मापाचं सांगतो. पावणेसात फुटी, साडेसहा फुटी असं म्हणून काही ठरत नाही. लागतात ती मापं टेपने घ्यायची.

पहिलं माप: कॅबच्या मागच्या भिंतीपासून किंगपिन जिथे बसेल त्या मध्यापर्यंत. तुमच्याकडे पक असल्याने मधल्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा, आणि जो हिच घ्याल त्याचा किंगपिन पकडणारा जबडा त्या भोकाच्या किती पुढे-मागे येतो ते त्याच्या कागदावरून बघून तेवढं वजा किंवा अधिक करा. हौद्याच्या पुढच्या पत्र्यापासून मोजू नका. हौदा आणि कॅब यांच्यात दोन-तीन इंचांची फट असते, ती सुटून जाते. हौद्यावर आडवी सरळ पट्टी ठेवायची, तिच्यावरून ओळंबा भोकावर सोडायचा आणि मग पट्टीपासून काचेपर्यंत टेप धरायचा.

दुसरं माप: ट्रेलरच्या किंगपिनपासून त्याची पुढची भिंत किती मागे आहे. तिसरं: मध्यरेषेपासून कोपऱ्यापर्यंतची अर्धी रुंदी. तुमच्या ट्रेलरची ४८ इंच. हे कोपऱ्यावर मोजा, आणि पिनच्या मागे ४० इंचांपर्यंत भिंत कुठे कुठे किती रुंद आहे तेही लिहून घ्या. कारण खाली येतंय.

ट्रेलर ट्रकशी कोन करून उभा राहिला की कोपरा कॅबच्या दिशेने किती पुढे येतो, ते असं काढायचं: अर्धी रुंदी गुणिले कोनाचा साइन, त्यातून पिन-ते-भिंत अंतर गुणिले कोनाचा कोसाइन वजा. काटकोनात कोसाइन शून्य होतो. म्हणजे पिन भिंतीच्या कितीही पुढे असली तरी ९० अंशांत कोपरा पूर्ण ४८ इंच पुढे येतोच. लांब पिन बॉक्स (ट्रेलरच्या नाकाखालचा, किंगपिन धरणारा भाग) बसवला की लहान हौद्याचा प्रश्न मिटला, असं दुकानदार सांगतात ते म्हणूनच अर्धवट आहे. लांब पिन बॉक्सने मधल्या कोनांना जागा मिळते, काटकोनाला मिळत नाही.

काटकोनात खरा फरक पडतो तो ट्रेलरचे पुढचे कोपरे खोल कापलेले असतील तर. त्या वेळी ट्रेलरची अख्खी बाजू कॅबच्या पाठीला समांतर येते आणि कॅबच्या अर्ध्या रुंदीइतका, म्हणजे पिनच्या मागचा सुमारे ४० इंचांचा पट्टा काचेसमोर असतो. खाच पुढच्या दहा-पंधरा इंचांतच संपली तर तिच्या मागची पूर्ण रुंदीची भिंत कॅबच्या कडेला लागते. काचेच्या उंचीवर कॅब थोडी निमुळती असते म्हणून चाळीसच्या जागी पस्तीस-छत्तीस इंच धरलेत तरी चालेल. पण कोपरे नुसते गोलसर आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका.

या हिशेबाशिवाय कोपरा आणि कॅब यांच्यात किमान ४ इंच मोकळीक ठेवा. कारण साधं आहे. हिचच्या ताटापासून (ज्यावर पिन बॉक्स टेकतो) कॅबचं छप्पर सुमारे ३० इंच वर असतं. रस्त्यावरून चढावाच्या आवारात शिरताना ट्रकचं नाक ट्रेलरच्या मानाने ५ अंश वर झालं की छप्पर मागे साधारण अडीच इंच झुकतं. सपाट जागेवर दोन इंच मोकळीक दिसत होती, तिथे पत्रा घासतो.

मापं कळवा, आकडे काढून देतो.

---

सह्यभटक्या

मधेच विचारतो, माफ करा. एफ-१५०, साडेपाच फुटी हौदा, पेलोड १,६००. ६,८०० पाउंड जीव्हीडब्ल्यूआरचा छोटा फिफ्थ व्हील मिळतोय. जमेल का?

---

अनुराधा_डेन्व्हर

६,८०० चे २० टक्के १,३६०. हिच १५०. झाले १,५१०. गाडी चालवणाऱ्याला ९० पाउंड उरतात. नाही जमत. त्याच वजनाचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारा) लावा. ट्रेलरच्या जिभेवर, म्हणजे पुढच्या जोडदांड्यावर, १० ते १५ टक्केच भार येतो आणि हौदाही सामानाला मोकळा राहतो.

---

वसंत_वेल्डर

आता प्रकारांकडे येऊ. लहान हौद्यासाठी बाजारात चार वाटा आहेत आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

हाताने सरकवायचा स्लायडर. चालवताना हिच पुढे, ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. वळणाच्या जागी थांबायचं, कॅबमधल्या ब्रेक कंट्रोलरची हाताची पट्टी दाबून ट्रेलरचे ब्रेक धरायचे, स्लायडरचा दांडा ओढायचा, ट्रक हळू पुढे घ्यायचा. हिच जागेवर राहतो, ट्रक पुढे जातो, म्हणजे हौद्याच्या हिशेबाने हिच मागे सरकतो. शेवटी खट् आवाज येऊन खिट्टी पडते. उतरून ती पूर्ण पडली का बघायचं. काम झालं की ट्रेलर तसाच धरून ट्रक मागे घ्यायचा.

दांडा न सुटण्याची तक्रार सगळ्यात जास्त. खिट्टीवर ताण असतो म्हणून ती सुटत नाही. हातोडा मारू नका. ट्रक इंचभर मागे-पुढे केला की ताण जातो. तरीही अडली तर रुळांत वाळू बसलेली असते. तिथे जाड ग्रीस चोपडलं की धूळ आणखी चिकटते. रूळ पुसून कोरडं वंगण मारा. दुसरी चूक म्हणजे खिट्टी अर्धीच पडलेली असताना निघणं. पहिल्या ब्रेकला हिच सरकतो आणि थांब्यावर आदळतो.

मागच्या स्थितीत हायवेवर का जायचं नाही, याचं कारण लोक चुकीचं सांगतात. म्हणतात पुढची चाकं हलकी होतात. नीलेशच्या ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १६० इंच. १,८०० पाउंड १२ इंच मागे सरकले तर पुढच्या ॲक्सलवरून १३५ पाउंड उचलले जातात. डिझेल इंजिनाच्या नाकावर ते जाणवतही नाहीत. खरं कारण आडव्या जोराचं आहे. ट्रेलरला बाजूचा वारा लागला किंवा शेजारून कंटेनर गेला की तो जोर ॲक्सलच्या मागे १२ इंचांवर लागतो आणि ट्रकचं शेपूट ढकलतो. ॲक्सलच्या डोक्यावर लागला तर ट्रकला फिरवायला त्याला तरफ मिळत नाही. फिफ्थ व्हील स्थिर चालतो तो याच कारणाने, आणि हिच मागे ठेवून पळवलं की तोच फायदा हातचा जातो.

ऑटो स्लायडर. पुलराइटचा सुपरग्लाइड हा यातला जुना आणि नावाजलेला. पिन बॉक्सला एक कॅप्चर प्लेट बसते, ती हिचच्या डोक्याला ट्रेलरबरोबर फिरवते आणि खालचा कॅम डोकं मागे नेतो. सरळ झालात की आपोआप पुढे येतं. विसरण्याचा प्रश्नच नाही, ही त्याची खरी किंमत. पण कॅप्चर प्लेट तुमच्याच पिन बॉक्सच्या मॉडेलची हवी. पिन बॉक्सवरचा नंबर वाचून मागवा, ट्रेलरच्या ब्रँडवरून अंदाजाने मागवू नका. प्लेट कायमची आहे की काढता येणारी हेही विचारा. कायमची असेल तर सर्व्हिसला दुसऱ्याच्या ट्रकवर ट्रेलर जोडताना त्यांच्या हिचवर ती बसेलच असं नाही. आणि जोडताना-सोडताना ट्रक-ट्रेलर शक्यतो एका रेषेत हवेत. कोन करून सोडलात तर डोकं मागे आणि तिरकं राहतं, परत जोडताना तोच कोन साधावा लागतो.

फिरता पिन बॉक्स, म्हणजे रीसचा साइडवाइंडर. यात बदल ट्रेलरवर होतो. फिरण्याचा बिंदू किंगपिनपासून २२ इंच मागे जातो. हिच साधा फिक्सच राहतो, पण त्याच्या ताटाच्या खाचेत पाचर बसवून डोकं फिरण्यापासून रोखतात. पाचर त्या हिचच्या मॉडेलप्रमाणे मिळते. ती ढिली असली तर किंगपिन आणि फिरता बुरूज असे दोन ठिकाणी जोड फिरतात आणि मागे घेताना ट्रेलर कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. हा बॉक्स मूळच्यापेक्षा जड असतो, आणि ते सगळं वजन पिनवर. अनुराधाताईंच्या दीडशेतून तेही वजा करा.

चौथी वाट, बॉलवरचा हलका हिच. तुमच्या मधल्या भोकात गूझनेकचा बॉल (हौद्याच्या तळावरचा जोडणीचा गोळा) बसतो, त्यावर अँडरसनसारखा ॲल्युमिनियमचा सांगाडा उभा राहतो आणि किंगपिनला एक कपलर आवळतात. एकटा माणूस उचलून बाहेर ठेवू शकतो. जबड्याची खडखड नाही. पण सरकत नाही. बिंदू जिथे आहे तिथेच. म्हणजे वजनाचा प्रश्न सुटतो, काचेचा नाही.

याच्याशी गल्लत होते ती किंगपिनऐवजी लांब गूझनेक नळी लावण्याची. ती वेगळी वस्तू. बॉल खाली हौद्याच्या तळाशी आणि ट्रेलरची चौकट वर, मधल्या लांबीमुळे ब्रेक मारताना चौकटीच्या पुढच्या भागावर मूळ रचनेपेक्षा मोठा पीळ येतो. वेल्ड तिथेच तडकतात. चौकट बनवणारे याबाबत कडक असतात. जे काही लावाल त्याला वॉरंटी चालते का, ते त्यांच्याकडून लेखी घ्या. डीलरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

जेएनपीटीच्या कंटेनर ट्रेलरवर बघितलेलं असतं म्हणून कोणी कोणी विचारतात की तिथे हा त्रास का नाही. तिथे ट्रॅक्टरची कॅब मुळातच पुढे असते, कोपरा फिरायला जागा सोडूनच चासी आखतात. पिकअपमध्ये मागच्या सीटने ती जागा खाल्ली आहे.

---

नीलेश_ऑस्टिन

सगळ्यांचे मनापासून आभार. मापं घेतली. कॅब ते मधलं भोक ४१ इंच. ट्रेलरची किंगपिन पुढच्या भिंतीच्या ८ इंच पुढे. कोपऱ्यांची गोलाई जेमतेम ५ इंचांतच संपते, तिथून पुढे अर्धी रुंदी पूर्ण ४८ इंच. हौद्याच्या कठड्याची उंची ५७ इंच, ट्रेलर लेव्हल असताना नाकाचं बूड ६४ इंच.

वसंतकाका, वजन बघता अँडरसनकडे कल आहे, पण काचेची भीती जात नाही.

---

गुण्या_ओळंबा

आकडे घ्या. गोलाई धरत नाही, सुरक्षित बाजूने जाऊ.

फिक्स हिच, पिन ४१ इंचांवर: ४५ अंशांत कोपरा २८ इंच पुढे येतो, १३ इंच मोकळे. ५९ अंशांत ३७ इंच, म्हणजे तुमची ४ इंचांची मोकळीक इथे संपली. ६७ अंशांत कोपरा काचेला टेकतो. काटकोनात ७ इंच आत जातो, म्हणजे काच, पत्रा, दोन्ही.

१० इंच सरकणारा स्लायडर: ५१ वजा ४८, काटकोनात ३ इंच. सपाट काँक्रीटवर निघून जाईल, चढावावर नाही. १२ इंच सरकणारा: ५ इंच, हा चालेल. म्हणजे तुम्हाला सरक किमान ११ इंच हवी, आणि ती पुढच्या कुलपापासून मागच्या कुलपापर्यंतची मोजायची. जाहिरातीत कधी रुळाची एकूण लांबी लिहितात. २२ इंची फिरता बॉक्स: १५ इंच मोकळे, काटकोनाचा विचारच करायला नको.

कठड्यावरची मोकळीक ६४ वजा ५७, म्हणजे ७ इंच. ६ च्या वर आहे, उत्तम. पण ट्रक भार पडल्यावर दोन-अडीच इंच खाली बसतो आणि हिचची उंची त्या बसलेल्या स्थितीत लेव्हल यायला हवी. रिकाम्या ट्रकवर लेव्हल लावून उंचीचं भोक निवडलं तर भार आल्यावर ट्रेलर नाक खाली करून चालेल.

---

अनुराधा_डेन्व्हर

निवड दोनच उरतात असं मला वाटतं.

स्लायडर घ्यायचा तर सव्वादोनशे पाउंड कुठून आणायचे ते आधी ठरवा. तुमच्याकडे दीडशे आहेत. नाकाखालच्या कप्प्यातलं शंभर पाउंडांचं सामान ॲक्सलच्या वर किंवा मागच्या कप्प्यात हलवलं तर पिन तेवढी हलकी होते. पण शेपटाकडे ढीग लावू नका, पिन १५ टक्क्यांखाली गेली की ट्रेलर डुलायला लागतो. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे का मागे, तेही बघा. एक गॅलन ८.३ पाउंड, पन्नास गॅलन म्हणजे चारशेच्या वर. टाकी पुढे असेल तर कोरडी घेऊन जा आणि मुक्कामी भरा.

हलका हिच घ्यायचा तर ५९ अंशांची मर्यादा पाळायची. रस्त्यावर चालताना इतका कोन सहसा येत नाही. येतो तो ट्रेलर मागे घेऊन जागेत घालताना. रुंद वळसा घेऊन, कोन वाढला की पुढे येऊन सरळ करून, परत मागे, असं केलं की बहुतेक जागांत काम होतं. तुम्ही ओढून थेट आत शिरता येणाऱ्या साइट निवडणार असाल तर हाच घ्या. जंगलातल्या जुन्या, अरुंद, झाडांमधल्या साइटवर जाणार असाल तर स्लायडर.

मर्यादा डोळ्याला कळावी म्हणून हे करा. रिकाम्या मैदानात एक माणूस कॅबच्या मागच्या कोपऱ्याशी ४ इंचांचा लाकडी ठोकळा घेऊन उभा करा, हातात नको, काठीच्या टोकाला बांधलेला. गोगलगायीच्या वेगाने मागे घेत कोन वाढवा. ठोकळा जेमतेम मावेल तिथे थांबा आणि ट्रेलरच्या नाकाची कडा हौद्याच्या कठड्याला जिथे छेदते तिथे रंगीत टेप चिकटवा. दोन्ही बाजूंना. आरशात नाकाची कडा टेपला पोचली की मागे जाणं बंद.

आणि पहिल्या प्रवासाआधी कॅट स्केलवर जा, हा ट्रकचा वजनकाटा ट्रक स्टॉपवर असतो. सगळं सामान, सगळी माणसं, गॅस, डिझेल भरून. पुढची चाकं पहिल्या ताटावर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. पावती घ्या. मग जवळ कुठे परवानगीच्या जागी ट्रेलर सोडून ट्रक एकटा परत तोला, माणसांसकट. पहिल्या दोन ताटांच्या बेरजेतला फरक म्हणजे तुमचं खरं पिनवजन. दुसऱ्या ताटाचा आकडा मागच्या ॲक्सलच्या मर्यादेशी आणि मागच्या दोन टायरांवर कोरलेल्या भारक्षमतेच्या बेरजेशी ताडून बघा.

---

वसंत_वेल्डर

मी स्लायडरच्या बाजूचा, पण नीलेशच्या स्टिकरला हलका हिच बरा, हे मान्य.

ज्यांच्या ट्रकला पक नाहीत आणि रूळ बसवायचे आहेत त्यांच्यासाठी थोडं. हौद्याला भोक पाडण्याआधी खाली जाऊन बघा. इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंगचा जुडगा, एक्झॉस्टचा पत्रा, सगळं त्याच भागात असतं. आधी बारीक भोक, खालून खात्री, मग मोठं ड्रिल. हौद्याचा पत्रा नागमोडी असतो, रुळाच्या खाली पोकळी राहते. तिथे किटमधले यू आकाराचे तुकडे घालायचेच. ते गाळले की बोल्ट आवळताना पत्रा चेपतो, काही मैलांनी सैल पडतो, आणि लोकांना वाटतं बोल्टच खराब. प्लास्टिकचा सुटा लायनर असेल तर रुळाखाली तेवढा कापून काढा. फवारलेला लायनर तसाच चालतो. आवळणी टॉर्क पान्याने, किटच्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे, आणि सुरुवातीच्या प्रवासांनंतर पुन्हा तपासायची.

पकवाल्यांनी एक बघा: फोर्ड, रॅम आणि जीएम यांच्या पकची आखणी सारखी नाही. वापरलेला हिच स्वस्तात मिळाला म्हणून घेण्याआधी तो कोणत्या ट्रकचा ते विचारा.

जोडण्याची रीत. जबड्याचा हिच असेल त्यांच्यासाठी लिहितो, बॉलवाल्यांनी आपल्या पुस्तकाप्रमाणे जा. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. फाळका खाली. पिन बॉक्सचं ताट हिचच्या ताटापेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा, म्हणजे ट्रक मागे येताना हिच ट्रेलरला किंचित उचलत आत शिरतो आणि दोन ताटांत फट राहत नाही. पिन बॉक्स वर राहिला तर किंगपिन जबड्याच्या माथ्यावर टेकते, दांडा बंद झाल्यासारखा वाटतो, आणि पहिल्या झटक्याला ट्रेलर सुटून हौद्याच्या कठड्यांवर बसतो. म्हणून टॉर्च लावून दोन गोष्टी बघायच्या: ताटं एकमेकांना चिकटली आहेत, आणि जबडा किंगपिनच्या खाचेभोवती मिटला आहे. दांड्याची खिट्टी घाला. केबल आणि ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) जोडा. तार ट्रकच्या चासीला किंवा हौद्यातल्या कडीला हवी, हिचच्या दांड्याला नको. हिचसकट ट्रेलर निघाला तर ताण येऊन स्विच सुटायलाच हवा.

मग ओढून बघणं. पुढचे पाय जमिनीपासून इंच-दोन इंचच वर घेतलेले, ठोकळे जागेवर, कंट्रोलरने ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक पुढे हलकाच ओढा. ट्रक अडला पाहिजे. सुटलाच तर ट्रेलर दोन इंच खाली पायांवर बसेल, हौद्यावर नाही. हे झाल्यावरच पाय पूर्ण वर, ठोकळे बाहेर.

ग्रीस नको म्हणून किंगपिनवर प्लास्टिकची चकती घालतात, ते चांगलं. पण जाडी हिचच्या पुस्तकात दिलेल्याइतकीच. जाड चकतीने किंगपिन वर राहते आणि जबडा खाचेऐवजी खालच्या कॉलरवर मिटायला बघतो.

---

नीलेश_ऑस्टिन

अँडरसन नक्की करतोय. आम्ही बहुतेक थेट शिरता येणाऱ्या साइटच बघतो. बॉलसाठी काही वेगळं बघायला हवं का?

---

वसंत_वेल्डर

बॉल फोर्डच्या प्रेप पॅकेजच्या भोकाला बसणाराच घ्या. खालचं कुलूप पूर्ण फिरलं आहे का ते हाताने फिरवून बघा. कपलर पिन बॉक्सच्या ताटाला सपाट टेकला पाहिजे. ताटावर जुन्या ग्रीसचा थर असेल तर आधी खरवडून काढा, नाहीतर स्क्रू आवळूनही तो नंतर सैल पडतो. पहिल्या प्रवासात प्रत्येक डिझेलच्या थांब्याला त्या स्क्रूंवर पाना लावून बघा. मार्करने स्क्रूच्या डोक्यावरून कपलरवर एक सरळ रेघ मारून ठेवलीत तर नुसत्या नजरेनेही कळेल. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.